खिडकीकडची दाढ

८ जानेवारी १९७३, सोमवार

चांदबिबीच्या महालाकडे निघालो होतो, अर्ध्या चढावरून परत. गुडघा. जानेवारी असून दव नाही, नुसती धूळ. तारेवर एक नीलकंठ. एवढंच.

दवाखान्याच्या पायरीवर सोमा बसलेला. काल रतनवाडीहून निघाला, मुक्काम एस.टी. स्टँडवर. घरी का आला नाहीस म्हटलं तर म्हणे वहिनींना उगा तरास. चोवीस वर्षं हा मला रतनगडावर नेतो आणि धडपणे खाली आणून सोडतो, पण माझ्या घरी यायचं म्हटलं की याला संकोच. पिशवीत नागली, हिरडे आणि मधाची बाटली.

नोव्हेंबरात आला तेव्हा गाल टम्म सुजलेला होता. गोळ्या देऊन परत पाठवलं होतं, भात झोडून झालं की ये म्हणून. आज कार्ड काढलं, भूल दिली, दाढ काढली. बोलणं सगळं गडाचं. वरची शिडी हलते म्हणतो, सांभाळून जावं लागेल. दाढ मोठी हट्टी निघाली, मला घाम फोडला. सोमा हूं की चूं नाही.

जेवायला घरी नेला. सुमतीने भात मऊ करून वाढला. दुपारच्या गाडीने गेला.

चहा हल्ली अर्धा कपच मिळतो. दुधाची टंचाई.

९ जानेवारी

सकाळी ताटली धुवायला घेतली तर सोमाची दाढ तशीच पडलेली. भिंगाखाली धरली. कीड नाही. वर एक काळा ठिपका, तो तंबाखूचा. मुळं दोन्ही शाबूत, टोकाला पू नाही, काही नाही. गळू झालेली दाढ अशी नसते. हट्टी होती ती उगीच नव्हे, धड होती म्हणून.

मग दुखत काय होतं?

असतं असं कधी कधी. कधी, ते मात्र आठवेना. चाळीस वर्षांत असं पाहिल्याचं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालंच नाही, असं म्हणायचीही आता सोय राहिली नाही.

कागदाच्या पुडीत बांधून खणात ठेवली. अरुणला दाखवली नाही. पोटचा मुलगा आहे, पण डिग्री नव्या पद्धतीची. लगेच काहीतरी बोलेल.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये उपासनेला गेलो. पाळकसाहेब काय बोलले ते विचाराल तर एक शब्द सांगता येणार नाही. मी सबंध वेळ सोमाच्या तोंडात होतो.

माझा नियम: दुखतं तिथं पेशंटने स्वतःचं बोट ठेवायचं. मग मी आरसा घालणार, मग सुई. विद्यार्थी असल्यापासून हा नियम मोडलेला नाही. सोमाला बोट ठेवायला सांगितलं का?

आठवतं ते असं. सोमा खुर्चीत बसला, मी कार्ड हातात घेतलं, म्हटलं ये रे बाबा. त्याने तोंड उघडलं. बोट ठेवलं.

आणि असंही आठवतं. सोमा शिडीचं सांगत होता, मी म्हटलं बोल बोल, आणि तो बोलत असतानाच सुई भरली. बोट कुठेच नाही.

दोन्ही सारखंच स्पष्ट दिसतं. यातलं घडलं कोणतं?

२० जानेवारी

रतनवाडीच्या शाळेचे गुरुजी काही कामाने नगरला आले होते. सोमाने त्यांच्याजवळ निरोप दिला. दाढ अजून ठणकते, पण डॉक्टरांना म्हणावं काळजी करू नका, मूळ मोठं होतं, त्याची कळ जायला वेळ लागणारच. वर आणखी विचारलंय की गडावर कधी येणार.

गुरुजींना विचारलं, कोणत्या बाजूला ठणकते? ते म्हणाले बाजू नाही सांगितली, पण हात असा धरून बसतो. आणि त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून दाखवला. मी बघत राहिलो. तो त्यांचा कोणता गाल, हे मला लगेच ठरवता येईना. समोरच्याचं उजवं म्हणजे आपलं डावं. ते गेल्यावर मी आरशासमोर उभा राहून त्यांच्यासारखा हात धरून पाहिला. आरशाने आणखीनच घोळ केला.

२१ जानेवारी, रविवार

उपासनेहून परस्पर दवाखान्यात गेलो. कुलूप काढून सोमाचं कार्ड शोधलं. नोव्हेंबरची नोंद, माझ्याच अक्षरात: खा. खि. २री दाढ. सूज. सूज उतरल्यावर काढणे. खाली जानेवारीची: खा. खि. २री काढली.

दोन्हीकडे खि. म्हणजे बरोबरच काढली. जिवात जीव आला. घरी येऊन पोटभर जेवलो, झोपलो.

उठलो तर पुन्हा तेच. बरोबर काढली तर ती धड कशी?

२३ जानेवारी

कळलं. लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशीत नाही लिहायचं तर कुठे.

मला डावं-उजवं पटकन कळत नाही. लहानपणापासून. शाळेत कवायतीला सगळी रांग एकीकडे वळायची आणि मी दुसरीकडे. हे सुमतीला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही. दंतवैद्याला हे असणं म्हणजे काय ते मुंबईला शिकताना पहिल्याच वर्षी समजलं. पेशंट समोर, त्याचं उजवं माझ्या डाव्या हाताला. सरांनी एकदा सगळ्यांसमोर बोटांवर पट्टी मारली होती. तेव्हापासून मी डावं-उजवं लिहितच नाही. नगरला दवाखाना टाकला तेव्हा खुर्चीच्या एका अंगाला खिडकी होती, दुसऱ्या अंगाला भिंत. कार्डावर लिहायचं खा. म्हणजे खालची, आणि तिच्यापुढे खि. किंवा भि. खिडकीकडची दाढ, भिंतीकडची दाढ. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही.

डिसेंबरात अरुणने खुर्ची फिरवून घेतली. उजेड चांगला येतो म्हणाला. मीही मान डोलावली.

खुर्ची फिरली, खिडकी तिथेच राहिली. नोव्हेंबरात जी बाजू खिडकीकडे होती ती आता भिंतीकडे आहे. मी कार्ड वाचलं, खिडकीकडे पाहिलं आणि खिडकीकडची दाढ उपटली.

गडावर जाताना दरी एका अंगाला असते, उतरताना दुसऱ्या. सोमाही कधी डावं-उजवं म्हणत नाही, दरीच्या अंगाला म्हणतो, कड्याच्या अंगाला म्हणतो. पण आपण कोणीकडे तोंड करून चाललोय हे तो विसरत नाही.

२४ जानेवारी

खुर्ची फिरवल्यापासूनची सगळी कार्डं काढून बसलो. आणखी कोणाचं? नाही. सगळ्यांना बोट ठेवायला सांगितलेलं होतं, दुखणं आणि दाढ जुळते. दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची उडून दात तुटलेल्या बाया, शाळेतली पोरं, सगळं ठीक.

म्हणजे परक्या माणसांना बोट ठेवायला सांगितलं. ओळखीच्या माणसालाच नाही सांगितलं.

दिवसभर पेशंट तपासले. प्रत्येकाला दोन-दोनदा बोट ठेवायला लावलं. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "आवो, कितींदा दावू, ती काय पळून चाललीय?"

४ फेब्रुवारी, रविवार

आज महिन्याचं प्रभुभोजन. चर्चचा पंच म्हणून भाकरीचं आणि द्राक्षरसाच्या लहान प्याल्यांचं ताट फिरवायचं काम माझ्याकडे, अठरा वर्षं झाली. सगळ्यांना भाकर आणि प्याला देऊन झाला की शेवटी आपण घ्यायचा.

आमचे बाबा राहुरीकडच्या एका खेड्यात शिक्षक होते. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते गावात निघायचे. ज्याच्याशी काही बोलाचाली झाली असेल, ज्याचं आपल्याकडे काही निघत असेल, त्याच्या दारात जाऊन मिटवून यायचे, मग दुसऱ्या दिवशी प्याला घ्यायचे. एकदा एकासाठी सहा मैल चालत गेले. तो गावाला गेलेला. परत आले आणि रविवारी प्याला न घेताच पुढे सरकवला. मी शेजारी बसलो होतो, आठ वर्षांचा असेन. कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात ही रीत.

आता यात घोटाळा असा की सोमाचं माझ्याविरुद्ध काहीच नाही. तो तर निरोप पाठवतो की काळजी करू नका. ज्याला ठाऊकच नाही त्याच्याशी मिटवायचं काय? आणि चूक माझी की खुर्चीची? मुद्दाम केली का? नाही. मग पाप म्हणायचं की नाही?

विचार करता करता माझी स्वतःची पाळी आली. मी ताट टेबलावर ठेवलं आणि जागेवर येऊन बसलो. एक प्याला तसाच उरला. भरलेला. सगळ्या चर्चला दिसेल असा.

५ फेब्रुवारी

सुमतीने कालचा दिवस वाट पाहिली. आज सकाळी चहा देताना विचारलं, "अहो, कोणाशी भांडलात?"

सांगितलं. दाढेची पुडी दाखवली. तिने उघडून पाहिली, परत बांधली, माझ्या हातात दिली. म्हणाली, "जाऊन सांगून या. बाबांनी काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे."

बाबांना कोणाचे दात काढायचे नव्हते, मी म्हणालो. ती कप उचलून आत गेली.

११ फेब्रुवारी, रविवार

अरुणला सांगितलं. वाटलं होतं तो हसेल, निदान खि. आणि भि.ला तरी. हसला नाही. बराच वेळ कार्ड बघत बसला. मग म्हणाला, खरी दुखरी दाढ अजून तोंडात आहे, ती आधी काढली पाहिजे, त्याला बोलावून घेऊ, मी काढतो. पहिलीबद्दल सांगायची काही गरज नाही. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे तो कशाला मोडायचा? वर सांगितलंत तर अकोल्यापासून नगरपर्यंत होईल, आणि माणसं म्हणतील डॉक्टर म्हातारे झाले.

मी म्हटलं, झालो आहेच.

तो म्हणाला, "ते तुम्ही म्हणणं वेगळं आणि लोकांनी म्हणणं वेगळं, बाबा."

त्याचं पटतं. सुमतीचंही पटतं. एकाच दिवशी दोघांचं पटणं हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे.

१८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेब घरी. त्या प्याल्याचं विचारायलाच आले असणार, पण बोलले दुष्काळाचं. शेवटी उठताना म्हणाले, डॉक्टर, काही असेल तर सांगा. तोंडाशी आलं होतं. पण त्यांची एक दाढ गेल्या वर्षी मीच भरलीय. त्यांनी जिभेने ती चाचपली तर काय, असं मनात आलं आणि गप्प बसलो. किती हास्यास्पद.

मी भिऊन गप्प आहे की सोमाची दया येऊन, हेच मला समजत नाही. दोन्ही आतून सारखंच लागतं.

२६ फेब्रुवारी

मीना, अरुणची धाकटी, सहा वर्षांची. खालचा पुढचा दात लोंबकळतोय. आजोबाच काढणार म्हणून आईला हातच लावू देत नाही. मी दोरा घेतला. म्हटलं, बोट ठेव, कोणता?

"आजोबा, एकच तर हलतोय."

तरी ठेव.

तिने ठेवलं. मी दोऱ्याची गाठ मारायला गेलो तर गाठ बसेना. दोनदा निसटली. दोरा निसरडा होता. तिसऱ्यांदा मीनानेच दोन बोटांत धरून दात उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सगळे हसले. अरुण हसला नाही.

४ मार्च, रविवार

पुन्हा प्रभुभोजन. ताट फिरवायला दुसऱ्याला सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून. मागच्या बाकावर बसलो, प्याला आला तसा पुढे दिला. म्हणजे आता खोटंही बोललो, तेही देवाच्या घरात. एका दाढेपायी काय काय होतं आहे.

घरी येऊन सुमतीला म्हटलं, भंडारदऱ्याला, सोमाकडे जाऊन येतो. ती म्हणाली, दशम्या कधी करून ठेवू?

१७ मार्च, शनिवार. शेंडी

संगमनेर, अकोले, राजूर करत धरणाकाठी शेंडी. दोन ठिकाणी गाडी बदलली. अकोल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना खडीचे ढीग आणि माणसं. राजूरच्या पुढे डोंगर लागले तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. धरणाचं पाणी बरंच खाली गेलंय, काठावर तपकिरी पट्टा. संध्याकाळी पाण्यावर दोन नदीसुरय पक्षी. वाकून एका ओळीत गेले.

सोमाला काय सांगायचं ते मनात चार वेळा जुळवलं. प्रत्येक वेळी खुर्चीपासून सुरुवात होते. खुर्चीपासून सुरुवात करायची नाही असं ठरवलं आहे.

१८ मार्च, रविवार. रतनवाडी

सकाळी काठाकाठाने चालत. पाणी हटल्यामुळे जुनी वाट उघडी पडलीय. पोचलो तेव्हा सोमा अंगणात हिरडे वाळत घालत होता. मला पाहून उठला, बायकोला हाक मारली, पाणी आणायला सांगितलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर गडाचं बोलणं निघालं असतं.

म्हटलं, "सोमा, मी तुझी भलतीच दाढ काढली. ती चांगली होती."

तो हिरडे पसरत राहिला. म्हणाला, "ठाव हाय."

मला वाटलं त्याला नीट समजलं नाही. पुन्हा सांगितलं.

"आवो ठाव हाय. सुई टोचली तवाच कळलं. दुखत हुती हिकडली, तुमी टोचलं तिकडं."

मग बोलला का नाहीस?

त्याने हातातले हिरडे खाली ठेवले. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "तुमचा हात थरथरत हुता, डाक्टर. लई. म्या म्हनलं, आता ह्यास्नी चुकलं म्हनून सांगावं तर आनखी थरथरंल. आन् तुमी गडाचं इचारत हुता, खुशीत हुता. दातांचं काय, हायेत की आनखी."

माझा हात थरथरत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी तांब्या घेतला आणि तिघांनीही पाहिलं. पाणी बाहेर येत होतं.

लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो सोमाचा. चांगला दात देऊन टाकला याने, मला वाईट वाटू नये म्हणून. मी काय लहान मूल आहे? आणि वर निरोप पाठवतो, काळजी करू नका. चोवीस वर्षांत मला याचा राग आला नव्हता. आला तो याने भलं केलं म्हणून. हे मला अजिबात समजत नाही.

निघताना म्हटलं, दुसरी काढायला ये. अरुण काढील, त्याचा हात चांगला आहे.

"न्हाई. काढायची तर तुमीच काढा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, दुखू द्या."

हट्ट कसला करतोस?

"हट न्हाई. त्यानं काढली तर तुमचं चुकल्यालं तसंच ऱ्हाईल. तुमी काढली म्हंजी मिटलं."

वाटेपर्यंत पोचवायला आला. दरीच्या अंगाला तो, कड्याच्या अंगाला मी. नेहमीसारखंच.

२० मार्च

नगर. सुमतीने चहा दिला. अर्धा कप. मी कपबशी हातात धरली आणि पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. बशी वाजते. बारीक, सारखी.

विचारलं, तू अर्धा कप कधीपासून देतेस?

ती म्हणाली, गेल्या दिवाळीपासून.

दूध मिळत नाही म्हणून ना?

"नाही," ती म्हणाली. "शर्टावर सांडायचा म्हणून."

सबंध घराला माहीत होतं. रतनवाडीला माहीत होतं. एका मलाच नव्हतं.

२२ मार्च

जुन्या रोजनिश्या काढल्या. एकोणीसशे पन्नासची, एकसष्टची, गेल्या वर्षीची. अक्षरं भिंगाखाली धरून बसलो. पन्नासचा र आणि आताचा र. आताचा जरा वाकडा वाटतो. पण तेव्हा टाक होता, आता बॉलपेन, आणि कागदही खरखरीत. एकसष्टच्या एका पानावर तर आताहून जास्त वेडीवाकडी अक्षरं, ते पान रतनगडावर थंडीत लिहिलेलं.

दुखणं कधी सुरू झालं हे पेशंटला कधीच सांगता येत नाही. मी किती वेळा चिडलोय त्यांच्यावर.

२५ मार्च, रविवार

अरुणला विचारलं, तुला माझ्या हाताचं माहीत होतं?

होतं.

मग मला सांगितलं का नाहीस?

तो खाली बघून म्हणाला, सांगायचा धीर झाला नाही. मग म्हणाला, "म्हणूनच खुर्ची फिरवली, बाबा. तुम्हाला जास्त उजेड मिळावा म्हणून. मला जुन्या उजेडात चालत होतं."

त्याने माझ्यासाठी खुर्ची फिरवली म्हणून मी चुकलो. मी चुकलो म्हणून सोमा गप्प बसला. सोमा गप्प बसला माझ्यासाठी. सगळ्यांनी माझं भलंच केलं आणि एका माणसाची चांगली दाढ गेली. प्रार्थना करायला बसलो तर क्षमा कोणाची मागायची आणि आभार कोणाचे मानायचे, याचाच गोंधळ. शेवटी नुसताच डोळे मिटून बसलो.

अरुणला म्हटलं, सोमा माझ्याकडूनच काढून घेणार म्हणतो. अरुण म्हणाला, नाही बाबा. चांगलं ठामपणे म्हणाला. त्याचं बरोबर आहे. डॉक्टर म्हणून मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

२८ मार्च

गुरुजींचं पत्र. सोमाचा गाल पुन्हा सुजू लागलाय, शनिवारी घेऊन येतो. रविवारी प्रभुभोजन आहे. गुरुजींना ते माहीत असायचं कारण नाही.

संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर चिमटा हातात घेऊन बसलो. खडूच्या तुकड्यात एक खिळा खुपसला आणि चिमट्याने काढून पाहिला. पहिल्यांदा खडू मोडला. दुसऱ्यांदा नीट निघाला. तिसऱ्यांदा नीट. चौथ्यांदा मोडला. हे वाईट म्हणायचं की बरं?

मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं तर कमी थरथरतं. पण मग ओठ बाजूला धरायला हात उरत नाही.

३० मार्च

कार्डावरची जुनी नोंद खोडली नाही, खाली नवी लिहिली. पूर्ण शब्दांत. उजवीकडची खालची दुसरी दाढ. उजवीकडची हा शब्द लिहिण्याआधी जेवायचा हात वर करून पाहिला. सहासष्टाव्या वर्षी.

अरुण म्हणाला, भूल मी देतो, काढतोही मी, तुम्ही शेजारी उभे राहा. मी म्हटलं, बघू.

३१ मार्च, शनिवार

दवाखाना, सकाळी साडेदहा.

सोमा खुर्चीत आहे. मी काही सांगायच्या आतच त्याने तोंड उघडून बोट दाढेवर ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. अरुणने आरसा घालून पाहिलं, मीही पाहिलं. तीच. कीड इतकी खोल की आंधळ्यालाही दिसावी. अरुणने सुई दिली. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. गुरुजी बाहेर बाकावर. सुमती कधी नव्हे ती दवाखान्यात आली आहे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून विणतेय, आपण सहजच आलो असं दाखवत.

मी टेबलाशी बसून हे लिहितोय. हाताला काही काम असलं म्हणजे कमी थरथरतो, असं वाटतं. किंवा वाटत नाही. या पानावरची अक्षरं मला तरी सरळ दिसतात, पण आता माझ्या बघण्यावर काय भरवसा.

सोमाला मगाशी म्हटलं, माझा हात थरथरतोय, तुला दिसतंय ना? म्हणाला, दिसतंय की. म्हटलं, मग अरुणला काढू दे. त्याने मान हलवली. नाही.

हो म्हटलं तर त्याच्या जबड्याचं काही करून ठेवीन. नाही म्हटलं तर तो दाढ घेऊन परत जाईल, खरंच जाईल, मी त्याला ओळखतो. अरुण चिमटा मांडून उभा आहे. त्याने तो ताटलीत मधोमध ठेवलाय, त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

उद्या प्याला माझ्यापर्यंत येईल. त्याआधी हे मिटलं पाहिजे. कसं मिटतं ते मला अजून कळलेलं नाही.

नऊ मिनिटं झाली. खिडकीतून ऊन खुर्चीवर आलंय. खुर्ची फिरवली हे अरुणने चांगलंच केलं, इतका लख्ख उजेड मला चाळीस वर्षांत कधी मिळाला नव्हता.

सोमाने स्वतःच गालावर टिचकी मारून पाहिली. आता माझ्याकडे बघून म्हणतोय, "डाक्टर, झालं बधिर. या."

हात धुतो.